टक्क्याच्या दोन खुणांमध्ये

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे.
जागा उरली एकशे बारा एमबी,
म्हणजे सारंगच्या मुंजीचा अर्धा व्हिडिओसुद्धा नाही.
रविवार दुपार, सुदामानगर, वरचा मजला.
पंख्याचा आवाज कुठला आणि सीपीयूचा कुठला
हे आता कळेनासं झालंय.

आधी डाउनलोड्स.
वीजबिल, जुलैचं, अकरा वेळा.
दर वेळी यांना वाटलं, आलंच नाही,
दर वेळी ते आलं, कंसात आकडा लावून, गुपचूप,
कुणी बसा न म्हटलेल्या पाहुण्यासारखं.
डेस्कटॉपवर सासऱ्यांचे फोल्डर:
नवीन. नवीन दोन. नवीन नक्की.
नवीन नक्की हेच.
चारही रिकामे.
विचारलं तर म्हणाले, राहू दे, लागतील.

मग खिडकीचं बटण आणि आर.
टक्क्याच्या दोन खुणांमध्ये टेम्प लिहायचं,
व्याजाचा दर सांगावा तसं.
मोबाइलच्या दुकानातल्या हेरंबनं
पावतीच्या पाठीवर लिहून दिलं होतं हे.
आंटीजी, सब उड़ा दो, कुछ नी होता.

उघडलं.
सहा हजार चारशे एकोणीस.
नावं अशी की हाक मारता येऊ नये.
एखादी शून्य केबीची,
जन्मली आणि पोटात काही न घेताच राहिली.
काही दोन हजार सतराच्या,
सारंग तेव्हा बोबडं बोलायचा.
कुणीतरी काहीतरी उघडलं होतं,
छापलं असेल, मिटलं असेल,
आणि ह्या मागे थांबल्या,
लग्न उरकल्यावर मांडवात उरलेल्या खुर्च्या
ज्या न्यायला कुणी आलंच नाही.

सकाळी साडेसातला गाडी येते गाणं लावून.
ओला, सुका, औषधांचं वेगळं,
मला सगळं तोंडपाठ.
एक दिवस चुकले तर गाडीवरचा पोरगा
मान वर करून बघतो.
इथं कोण बघणार?

सगळं निवडा. शिफ्ट धरून डिलीट.
हिरवी रेघ पळाली आणि अडली.
ही फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे.
पुन्हा प्रयत्न. वगळा. रद्द.
मी वर्ड मिटलं. गाण्यांचं मिटलं.
प्रिंटरचं ते खूळ मिटलं.
तरी सात जणी जागच्या हलेनात.

सात.

कॉलेजच्या लायब्ररीत मला
अकरा महिन्यांची ऑर्डर मिळते.
मग एक दिवस मी नसते.
म्हणजे असते, घरी, बटाटे सोलत,
पण कागदावर नसते.
मग पुन्हा अकरा महिने.
चौदा वर्षं झाली. प्राचार्य बदलले पाच.
हजेरीत माझ्या नावापुढे अजून ते टी.
त्या एका दिवशीही
कपाटांच्या किल्ल्या माझ्याच पर्समध्ये असतात.
मुली फोन करतात: मॅडम, ते लाल पुठ्ठ्याचं कुठंय?
तिसरं कपाट, खालून दुसरा खण.
सोलता सोलता सांगते.

यांचे पणजोबाही म्हणे साताऱ्याकडून
तात्पुरतेच आले होते इंदूरला,
कुणाचं तरी हिशेबाचं दप्तर लावून द्यायला.
दप्तर लागलं असेल.
परतीचा विषय घरात कधी निघाल्याचं
सासऱ्यांना तरी आठवत नाही.

वगळा दाबलं.
बाकीच्या गेल्या. पट्टी निळी झाली.
तीन जीबी.
हे दारातून डोकावले,
काय करून राहिलीस एवढा वेळ?
झालं, म्हटलं.

मग नवीन पान उघडून हे लिहायला बसले.
अजून सेव्ह केलेलं नाही.
सहज टेम्पमध्ये जाऊन बघितलं
तर आठवी येऊन बसलेली,
नावाच्या सुरुवातीला एक लहानशी लाट,
आकार एक केबी.
रिफ्रेश केलं.
आता दोन.