बॉनेटवर हात

पडावच्या पुलामागे सिकरवारची पत्र्याची शेड.
मे महिना, सकाळचे सात,
पत्रा आत्ताच कडकड बोलायला लागलेला.
दोन गाड्या धुऊन उभ्या:
पांढरी, बाराशे सीसी, चार सिलिंडर, तीन लाख दहा;
आणि वांगी रंगाची, हजार सीसी, तीनच सिलिंडर,
पंचेचाळीस हजारांनी स्वस्त,
मागच्या दारावर कुणीतरी खिळ्यानं ओढलेली रेघ.

हेमंतच्या वहीत दोन रकाने.
लिटरला किती, क्लचप्लेट कितीला,
विमा, टायर, दतियाला जाऊन-येऊन काय पडेल.
बेरीज दरवेळी वांगीकडे झुकायची
आणि वही मिटली की आम्ही सगळे पांढरीकडे बघायचो.

"भाभीजी, मक्खन है मक्खन," सिकरवार म्हणाला
आणि पांढरीची किल्ली फिरवली.
खरंच लोणी. काटा हलला म्हणून कळलं, सुरू झाली ते.
वांगी मात्र खोकली, अंग झाडलं,
आरशात माझी टिकली दोन-दोन दिसू लागली.
मी म्हटलं, तिवई कधी डुगडुगत नाही, डुगडुगतो तो चौरंग,
मग इंजिनाचं उलटंच कसं?
हेमंत म्हणाला, हे वहीत लिहू का?

भाऊ, माझे वडील, तेव्हा काहीच बोलले नव्हते.
किल्ल्या लागायच्या आधीच
त्यांनी दोन्ही बॉनेटवर तळहात ठेवून पाहिला होता,
तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.
बिर्लानगरच्या मिलमध्ये एकतीस वर्षं जॉबर.
कान तिथंच राहिले, मागांच्या खडखडाटात.
हात तेवढे घरी आणले.

उरवाई दरवाजाकडून किल्ला चढायचं ठरलं,
कारण चालवणार मी, चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकलेली,
आणि चढावर माझा डावा पाय अजून देवाचं नाव घेतो.
चौघं बसून, एसी लावून.
पांढरी गुणगुणत गेली.
वांगीची पाळी आली तेव्हा
कड्यात कोरलेल्या उंच, उघड्या तीर्थंकरांसमोर
नेमकी वरून जीप उतरली.
थांबले. वीतभर मागे सरकलो.
हेमंतनं वही छातीशी धरली.
स्वरूपानं कुणी न सांगता एसी बंद केला.
हँडब्रेक, पहिला गिअर.
गाडी ओरडली, थोडी मीही.
पण चढलो.

शेडमध्ये परत आल्यावर भाऊ बोलले,
बहिऱ्या माणसाच्या आवाजात, म्हणजे सगळ्या पडावला ऐकू जाईल असं:
"ती पांढरी गरम होती.
सकाळी सातला इंजिन गरम कशाला असेल?
आपण यायच्या आधी कुणीतरी हिला उठवलंय,
फिरवलंय, वेणीफणी करून बसवलंय.
ती दुसरी गार होती.
झोपेतून उठली ती आपल्यासमोर, खोकली तीही आपल्यासमोर.
समोर दिसणाऱ्या खोटीचा भाव करता येतो."

सिकरवार किल्ल्यांचा जुडगा मोजू लागला.
त्याला मराठी येत नव्हतं
पण दोन लाख साठवर आला,
मग अडीचवर.

आता दिवाळी उलटून गेली आहे.
घरात नियम आहे: चढ दिसला की एसी बंद,
दतियाच्या वाटेवर ट्रकला ओलांडायचं तर आधीच विचार करायचा,
आणि मी अधूनमधून त्या पांढरीची आठवण काढते,
खोटं कशाला बोलू.

फुलबागेच्या सिग्नलला भाऊ शेजारी बसलेले,
पंजा डॅशबोर्डवर पसरून.
बाटलीतलं पाणी बारीक थरथरतंय.
"त्या पांढरीत," ते म्हणतात,
"बंद पडली का, म्हणून मला दर सिग्नलला तुला विचारावं लागलं असतं.
शांत गाडी आणि बंद गाडी, मला दोन्ही सारख्याच.
हिचं कळतं."

मागून कुणीतरी हॉर्नवर हात ठेवूनच बसलंय.
त्यांना ऐकू येत नाही.
मी पहिला टाकते.