टोकन ३१७

भाच्यानं रजिस्टर पोटमाळ्यावर टाकलं.
म्हणाला, मामा, ही काळी खिडकी उघडायची,
हुकूम लिहायचा, एंटर मारायचा.
एका चावीला एक नोंद. बस.

महालातलं आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान.
मे महिना, फळीवर कूलरच्या पंपांची दाटी,
बोटांना वार्निश, आता की-बोर्डलाही.
मी एका बोटानं लिहितो:
ठेव ३१७ डोंगरवार, पंप, तीनशे.
यंत्र काहीच बोलत नाही.
बोललं नाही म्हणजे झालं, असं भाचा सांगतो.
(आमच्या घरीही तसंच आहे.)

यादी मागितली की दहा येतो नऊच्या आधी.
आकड्यांना ते अक्षरं समजतं.
मी भांडणं सोडलं.

काल भर उन्हात एक बाई आली,
दुपट्ट्याच्या टोकाला बांधलेलं मागल्या सालचं टोकन,
घामानं मऊ झालेलं.
"ह्यांनी टेबलफॅन टाकला होता. आता ते नाहीत."

दे ३१७.
डोंगरवार, पंप, तीनशे.

जुन्या नोंदीवर मीच नवी बसवली होती,
आणि यंत्रानं एकदाही विचारलं नव्हतं.

"काऊन भाऊ, नाही सापडत का?"

शिडी लावली. धूळ झटकली.
माझंच अक्षर, गिचमिड, निळी शाई:
गेडाम, टेबलफॅन, आवाज करतो म्हणतात, मला नाही आला.
ती वाचून हसली.
"त्यांनाच यायचा."

फॅन मागच्या फळीवर होता.
पैसे काय घेणार?

रात्री शटर अर्धं ओढून लिहिलं:
ठेव ३१७-गेडाम नेला.
यंत्र काहीच बोललं नाही.
रजिस्टर मात्र मी खालीच ठेवलंय,
की-बोर्डच्या बाजूला.