कानशीचा विळा

आवाज बंद ठेवून पाहते मी,
पत्र्याच्या पलीकडं बाप झोपलेला असतो.
त्यामुळं तो जपानी लोहार माझ्याशी आजवर
एक शब्दही बोललेला नाही.
खाली इंग्रजी अक्षरं पळतात, निम्मी कळतात,
बाकीचं मी ठिणग्यांवरून ओळखते.

तो काळ्या वाळूतून पोलाद काढतो.
मी जुन्या स्पीकरचं चुंबक घेऊन दुधनेच्या पात्रात गेले,
वाळूत फिरवलं तर त्याला मिशा फुटल्या,
काळ्या, बारीक.
तीन रविवारांत तंबाखूची डबी भरली.
बाप म्हणाला, "ह्याच्यात दाभणसुदिक व्हायचं नाही."
पण डबी फेकली नाही,
ऐरणीच्या ठोकळ्यामागं ठेवली.

पंधरा घड्या, बत्तीस हजार सातशे अडुसष्ट थर.
उधारीच्या वहीत मी हा हिशोब दोनदा केला.

पहाटे, सेलू स्टेशनात पहिली गाडी यायच्या आत
भट्टीमागं सुबाभळीची काठी कमरेला लावून उभी राहते.
उपसायची. एक पाऊल.
वरून खाली, आणि बेंबीपाशी थांबवायची.
मारणं सोपं आहे, थांबवणं शिकायला
मला अख्खा उन्हाळा लागला.
मग न बघता परत म्यानात.
म्यान म्हणजे माझी डावी मूठ.

एका रात्री आई मागं येऊन उभी राहिली.
पडद्यावर उस्ताद बसून हातोडीची टिचकी देतोय,
समोर तिघं पाळीपाळीनं घण घालतायत.
आईनं तेवीस वर्षं बापाच्या टिचकीवर घण टाकलाय,
मी पोटात होते तेव्हाही, सातव्या महिन्यापर्यंत.
बराच वेळ पाहत राहिली.
मग म्हणाली, "तो तिसरा उशिरा मारायलाय."
मी मागं नेऊन पुन्हा लावलं.
खरंच होतं.
"बाई नाही का त्यांच्यात?"
मला माहीत नव्हतं.

तलवार मात्र नाही.
मागं एका मिरवणुकीत काहीतरी झालं
तेव्हा जमादार आधी आमच्याच दारात आला.
विळे मोजले, खुरपी मोजली,
आजोबाचं नाव विचारलं, गाव विचारलं.
आजोबाचं गाव गाडीवर होतं,
रोज थोडं पुढं सरकायचं.
तेव्हापासून हातभर लांबीचं पातं
बाप ऐरणीवर घेत नाही.

म्हणून विळा.
पहिला कमानपाट्याचा, जालन्याच्या भंगारातला.
पाठीला काळी माती, राख, कोळशाची पूड थापली,
धार तेवढी उघडी.
लाईट गेलेली, फोन चार टक्क्यांवर.
लोखंडाचा खरा रंग अंधारातच दिसतो,
हे उस्तादाला ठाऊक, बापालाही ठाऊक,
कुणी कुणाला सांगितलेलं नाही.
पाणी पाजलं.
टण्.
एवढासाच आवाज.
धारेपासून पाठीपर्यंत चीर.
व्हिडिओतल्या म्हाताऱ्याची तलवार अशीच गेली होती,
त्यानं ती बाजूला ठेवून चहा घेतला.
मीही घेतला.

दुसरा जुन्या कानशीचा.
टिचकी माझी, घण आईचा.
बाप बाजेवर आमच्याकडं पाठ करून पडलेला,
पाय तेवढा ठेक्यावर हलत होता.
पातं पाण्यात गेलं, चर्र झालं, आणि गप्प.
कान लावून बसलो दोघी.
गप्पच.

दोन दिवस कुरुंदाच्या दगडावर घासलं,
शेवटी नुसत्या तळव्यानं.
तेव्हा कुठं दिसली,
धारेच्या जोडीनं वळत गेलेली पांढुरकी रेघ,
आरशावर कुणी श्वास टाकावा तशी.

बापानं धार नखावर टेकवली.
नख पाहिलं.
विळा विकायच्या ढिगात ठेवला.

बाजारच्या दिवशी वालूरचा एकजण आला,
ज्वारी काढायला विळा पाहिजे म्हणून.
दहा-बारा उलटेपालटे करून हाच उचलला.
"ही काय धुरकट रेघ पडली ह्याच्यावर?"

बाप माझ्याकडं न बघता म्हणाला,
"धुतल्यावर जाती,"
आणि वीस रुपये कमी केले.