अर्थिंग

शुक्रवार पेठेतलं आमचं दुकान : नाद साउड सर्व्हिस.
पेंटर टिंब द्यायला विसरला
आणि आप्पा म्हणाले, ऱ्हाऊ दे, ऐकू येतंय न्हवं?

पूर ओसरला त्या आठवड्यात
हातगाडीवरून, रिक्षातून, एक तर चक्क पाळण्यातून
अँप्लिफायर यायला लागले.
शौकत मुजावरांनी मशिदीचा आणला.
बस्तीचे उपाध्ये सोवळं विसरून
खांद्यावर घेऊन आले, चिखल पाठीवर ओघळत होता.
समुद्रे पाळकांचा वेदीवरच्या पांढऱ्या कापडात गुंडाळलेला.
विहाराचा आला, दोन तालमींचे आले,
आणि कुठल्याशा मठाचा, ज्याला भिजूनही
पेढ्यांचा वास होता.

उघडले तर सगळ्यांच्या पोटात एकच गाळ.
पंचगंगा कुणाला विचारून आत शिरली नव्हती.
नावाच्या चिठ्ठ्यांचा लगदा झालेला.
त्यातले चार तर एकाच कंपनीचे,
लक्ष्मीपुरीतल्या एकाच दुकानातून घेतलेले.
मी खडूनं आकडे घातले, एक ते अकरा.

आप्पा जुन्या टूथब्रशनं गाळ काढत बसले.
दातांच्या डॉक्टरासारखे, आ कर म्हणत.

वीज आली त्या रात्री एकेक चालू केला
तर अकराच्या अकरा घुमायला लागले, घूंऽऽ,
एकाच पट्टीत.
काय म्हणतायत हे, आप्पा?
काय म्हणत न्हाईत. अर्थ लागला न्हाई.

आमच्या धंद्यात अर्थ म्हणजे
जमिनीत पुरलेली तांब्याची तार.
खड्डा, मीठ, कोळसा, उन्हाळ्यात घागरभर पाणी.
ती सुटली
की यंत्र स्वतःचंच ऐकत बसतं.

तिसऱ्या दिवशी एका तालमीचे खजिनदार आले.
आमचा आधी द्या, आणि जरा वाढवून द्या,
पलीकडच्या गल्लीपर्यंत.
संध्याकाळी पलीकडच्या गल्लीचे आले.
त्यांनाही वाढवूनच हवा होता.
आप्पा दोघांना हो म्हणाले
आणि दोघांच्याही डब्यात
आवाज अडवणारा एकेक रेझिस्टर डकवून दिला.
अजून तिथंच आहेत. मी सांगितलं म्हणून सांगू नका.

आप्पा आत सगळीकडे गेलेले.
गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत, मिंबरापर्यंत, वेदीच्या मागं,
पण तोंडात वायर, हातात स्क्रू ड्रायव्हर.
जोडायला हात कधी मोकळे नव्हते.
आई म्हणायची, तुमचा देव तरी कुठला?
ते जेवत राहायचे.

फक्त माईक तपासताना, हॅलो, एक, दोन, तीन
आणि तीननंतर थांबायचे.
चार न म्हणता.
रिकाम्या मंडपाकडे मान कलती करून,
जसं कुणी उत्तर द्यायचं राहिलंय.
लहानपणी मला वाटायचं, चार येत नाही ह्यांना.

मग भक्त यायचे, समित्या यायच्या,
आणि तो थांबा बुडून जायचा.

आता त्यांना ऐकू येत नाही.
दुकानात आले की दुरुस्त कर्ण्याच्या पडद्यावर
करंगळी टेकवतात, डोळे मिटतात.
कापतंय, म्हणतात. म्हंजे हाय.

दहा जण आपापला घेऊन गेले,
दोघांचे अदलाबदल झाले असावेत,
अजून तरी कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
सात नंबर न्यायला कुणी आलंच नाही.
कुणाचा आहे, विचारतात गिऱ्हाईकं.
मी सांगते, धुतलाय, चालू आहे,
बिल तीनशे ऐंशी.

त्याला माईक जोडलेला नाही.
तरी रात्री शटर ओढायच्या आधी
खटका वर करते,
आणि करंगळी टेकवते.