भिंतीवरची यादी

ग्रॅनाइट उद्या येणार.
आज मला ही भिंत घासून द्यायची आहे.
तशी ती माझीच. सदुसष्ट साली
निळ्या ऑइलपेंटने मीच लिहिली होती यादी,
मिसरूड फुटलं नव्हतं, अक्षर मात्र वळणदार.

यमाजी केदारे, विटा दोनशे.
देवराम दोंदे, सिमेट एक गोणी.
(अनुस्वार तेव्हाच राहिला;
देवरामदादा मरेपर्यंत चिडवायचे त्यावरून.)
प्रेसमधले सत्तावीस जण, प्रत्येकी सव्वा रुपया.
दिवसभर नोटा छापायचे,
सुटताना फाटकावर झडती द्यायचे,
आणि शनिवारी इथे येऊन वाळू चाळायचे.

सगळ्यात खाली, जागा संपत आली तेव्हा,
बारीक अक्षरात: ठकूबाई पगारे, पाणी.
कमिटीत वाद झाला होता. पाण्याचं कसलं दान?
ठकूबाई काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी हंडा घेऊन आलीच नाही.
गवंडी थापी धरून बसून राहिला,
कोरडा माल, कोरड्या विटा.
संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः माझ्या दारात:
लिही बाबा.

मास्तर आम्हाला त्रिरश्मीवर न्यायचे.
वर धापा टाकत बोटानं अक्षरं दाखवायचे.
राजांचं दान भिंतभर,
आणि पलीकडे कुणा एका कोळ्याचं:
लेणं दिलं. एवढंच.
मला वाटायचं, त्या ओळीला
अजून माशांचा वास येत असेल.

नवा दगड काळा, आरशासारखा.
त्यावर एकच नाव, सोनेरी, मशीननं कोरलेलं,
अनुस्वार सगळे जागच्या जागी.
विहार छान दिसेल. खोटं कशाला बोलू,
पोपडे निघालेत, भिंतीला काहीतरी करायलाच हवं होतं.

डबीच्या तळाशी थोडा निळा होता.
आधी सिमेटवर टिंब दिलं,
वाळू दिलं,
मग पॉलिशपेपर घेतला.
विटा गेल्या. गोणी गेली.
सव्वा सव्वा करत सत्तावीस जण गेले.
आत बायकांची वंदना सुरू झाली होती,
हात तिच्या ठेक्यात कधी गेला कळलं नाही.

खालची ओळ ओली होती.
ओल्या भिंतीवर कागद चालत नाही, नुसता चिकटतो.
मिस्त्रीला म्हटलं, एवढं राहू दे आज.
उद्या बघू.