सातवा ठोका

सेन्विल मामाच्या डाव्या हाताला तीनच बोटं.
बाकीची दोन लेओगानच्या भिंतीखाली राहिली,
भूकंपात, जेव्हा चर्चची घंटा
खाली पडून एकदाच वाजली.

आज कोन्बिट मेर्सिलियाच्या मक्यात, उद्या आमच्यात.
तीस कुदळी, एक ढोल.
तिचा नवरा सीमेपलीकडे ऊस तोडायला गेलाय,
फोन लागत नाही.

मामा कातड्यावर थोडी रम शिंपडतो,
थोडी स्वतःच्या घशात.
थोरल्या ढोलाला इथं आई म्हणतात.
"तिला आधी पाजावं," म्हणतो, "नाहीतर रुसते."
मग सहा ठोके,
आणि सातव्याच्या जागी
नुसती हवा.

तिथं कुदळी वरच थांबतात,
तीसच्या तीस, उन्हात लखलखत.
कुणी घाम निपटतं,
मेर्सिलिया रस्त्याकडे बघून घेते.
आठवा ठोका सगळ्यांना मातीत आणतो.

राजधानीचा एक पाहुणा म्हणाला, इथं काहीतरी चुकतंय.
आम्ही त्याच्या हातात कुदळ दिली.

यंदा मामाचे हात कापतात.
ढोल माझ्या मांड्यांत आलाय.
माझी दहाही बोटं शाबूत.
सातवा ठोका मला येतो,
रात्री उशीवर वाजवून पाहिलाय, दार लावून.
शेतात मात्र हात तिथवर जातो
आणि कातड्याच्या वीतभर वर
अडतो.

बांधावरून मामा ओरडतो,
"वाजव की, गाढवे! तुला काय धाड भरलीय?"

मी वाजवते.

कुदळी
वरच.