निम्मं मिळव, मग दहावा

शारजा, सनाइया दहा. शटर अर्धं वर.
जैनुद्दीन हमदुलेंच्या गॅरेजात मी मीटर उघडतो.
अमेरिकेतल्या लिलावात घेतलेल्या गाड्या बोटीनं येतात,
कुणाचं दार चेपलेलं, कुणाच्या सीटखाली पुराचा गाळ,
आणि सगळ्यांच्या काचेमागे मैल.
इथल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला मैल कळत नाही.

परवा एक पोरगा आला, मिसरूडही धड फुटलेलं नाही,
तीन दंडाच्या पावत्या घेऊन.
उस्ताद, काटा ऐंशीवर होता, खुदा कसम!
होता रे बाबा. ऐंशीवरच होता.
निम्मं मिळव, मग दहावा हिस्सा मिळव.
ऐंशी. चाळीस. आठ.
एकशे अठ्ठावीसनं गेलास तू,
तेही कसम न मोडता.

हा हिशेब मला कुठल्या कोर्सात नाही मिळाला.
तात्या वसमतच्या मोंढ्यात मुनीम होते,
हळदीच्या पोत्यांवर बसून दीडकी म्हणायचे,
बे दीडे तीन, तीन दीडे साडेचार.
मैल दीडकीत मावत नाही, पावणेदोनकीला पुरत नाही.
मी मधल्या फटीत एक दशांश ठोकला
आणि बसला, पाचरीसारखा.
शेजारचा वेल्डर शेरगुल म्हणतो, मोबाइलवर बघ की.
मोबाइल ग्रीसची बोटं ओळखत नाही, शेरगुल.

काट्याचं एक वेळ सोपं. खालचे आकडे छळतात.
अठ्ठ्याऐंशी हजार मैल धावलेली गाडी
दुपारच्या चहापर्यंत एक लाख एकेचाळीस हजारांची होते.
गिऱ्हाईक ओरडतं, सकाळी तरणी होती की!
चालली तेवढीच आहे, मी म्हणतो, मोजणारा बदलला.
इथे तात्यांची रीतही उघडी पडते बरं का,
मशीन दाखवतं त्याहून आठशे किलोमीटर कमी भरतात.
एवढा रस्ता नुसत्या तोंडी हिशेबात गहाळ.

आणि मग ती राखाडी गाडी.
पुढून पार चुरडलेली, बॅटरी जागीच तुटलेली,
काटा पंचावन्नवर थिजलेला.
पंचावन्न, साडेसत्तावीस, साडेपाच.
अठ्ठ्याऐंशी.
काही वेड्यासारखा वेग नव्हता तो.
कप्प्यात च्युइंगमचं अर्धं पाकीट,
आणि कुठल्याशा दवाखान्याची पार्किंगची चिठ्ठी.
दोन दिवस मी त्या मीटरला हात लावला नाही.
वायर मिळत नाहीये, म्हणालो.
हमदुलेशेठनी चष्म्यावरून पाहिलं, बोलले नाहीत,
तिसऱ्या दिवशी स्वतःच वायर आणून ठेवली.
मी काटा दोन बोटांनी धरला
आणि शून्यावर आणला.
एवढं हलकं असतं ते काम. कुणाला सांगूनही पटणार नाही.

रात्री कुशावर्ताचा फोन.
स्कूटर शिकली आहे, वसमत ते तिची शाळा, मध्ये हायवेचा तुकडा.
आज चाळीसनं गेले, म्हणाली.
चाळीस काय?
चाळीस म्हणजे चाळीस! काय म्हणजे काय?
बरोबर आहे. तिच्या काचेमागे एकच भाषा आहे.
उसाच्या ट्रॉल्या लागतात का वाटेत, मी विचारलं.
लागतात, म्हणाली, कडेनं काढते.

फोन ठेवला, खाटेवर आडवा झालो,
वरच्या खाटेवर शेरगुलचं घोरणं सुरू झालेलं.
आता उलटा हिशेब. याला तात्यांकडे पाढा नव्हता,
मीच चाचपडत शोधलाय,
आठातून तीन सोडायचे, पाच ठेवायचे.
चाळीसमध्ये आठ पाच वेळा.
पाच पंचे पंचवीस.

काळजी वाटते त्या रात्री
मी तिची स्कूटर मैलांत चालवतो.
पंचवीस.
पंचवीसनं काय होतंय.